जनू, तुझा हात हलत नव्हता

जनू,

तुझा फोटो मीच मोठा करून दिला. सुमनने तुझं पोस्टाचं ओळखपत्र पाठवलं होतं, त्यावरून केला. मागचा निळा पडदा तसाच ठेवला, कॉलर एका बाजूला मुडपली होती तीही सरळ केली नाही. तुला हात फिरवलेला फोटो चालला नसता. परवा दहाव्याला पाटावर तो ठेवला होता आणि मी समोर सतरंजीवर बसून त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. लोकांना वाटलं, सुभाषला फार लागलंय. लागलं आहेच. पण मी बघत नव्हतो त्याचं कारण वेगळं होतं.

पंगत उठल्यावर सुमन आतून तुझी कॅमेऱ्याची पिशवी घेऊन आली. ती तुझी टपालाची जुनी खाकी थैली, आतून गोधडीचे तुकडे शिवलेली.

"भावजी, हा घेऊन जा. आमच्यात कोणाला येत नाय. कोणाच्या उपयोगी पडला तर बघा." मग जरा थांबून तिने विचारलं, "चांगला हाय ना? नाय म्हंजे, कोणाला दिला आन् तो फसला, असं नको व्हायला."

मी म्हणालो, "चांगला आहे."

तीन वर्षांपूर्वी तुझ्याशी जे खोटं बोललो, तेच तुझ्या फोटोसमोर बसून तुझ्या बायकोशी पुन्हा बोललो. तिने विचारलं नसतं तर कदाचित मी ते आयुष्यभर पोटात ठेवलं असतं. मुरबाडहून परत येताना थैली मांडीवर होती आणि मला ती खाली ठेवता येत नव्हती, धरवतही नव्हती. म्हणून आधी तुला सांगतो. तुला सांगितल्याशिवाय तिला सांगायचं धैर्य येणार नाही.

हे सगळं तुझ्या बाच्या कोटापासून सुरू झालं. आठवतं का? बा गेला तेव्हा तू माझ्या स्टुडिओत एका लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आला होतास. मागच्या रांगेत, कोणाच्या तरी फेट्याच्या मागे बाचं तोंड. त्याचा एकट्याचा फोटो नव्हताच. आपल्याकडे कोणाचा असतो? माणूस गेला की घरचे धावत येतात, असं एखादं तोंड बोटाने दाखवतात आणि दिवसकार्याच्या आत मोठा फोटो मागतात. मी सगळे स्टुडिओवाले करतात तेच केलं. तोंड कापून तयार धडावर बसवलं. कोट, टाय, मागे आभाळ.

तू बराच वेळ बघत राहिलास.

"हा कोण रे?"

"कोण म्हणजे? तुझा बा."

"तोंड बाचं हाय. पण खाली हा कोण साहेब घुसवलास? बा जन्मभर भट्टीवर विटा थापत फिरला. त्याला कोट कुठून आला?"

"सगळ्यांचे असेच करतो जनू. लोकांना आवडतं."

"आन् आईनं नवऱ्याला वळखला नाय तर?"

आपण दोघं हसलो. फोटो तू घेऊन गेलास, भिंतीवर लावलास. तुझी आई पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला सांगायची, "कोट उसना हाय हां." पण तुझ्या डोक्यातून तो कोट गेला नाही. काही महिन्यांनी तू आलास आणि मी एका गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटो कापून देत असताना म्हणालास, "तुमी माणूस मेल्यावर त्याचा फोटो शोधता. मी तर दर महिन्याला त्याच्या घरात जातो. तो जिता असतो, बसलेला असतो, शिव्या देत असतो. तवाच काढला तर?"

तू पाड्यापाड्यांवर पेन्शन पोचवायचास. अंगठ्याचं यंत्र घेऊन सिद्धगडाच्या पायथ्याच्या सगळ्या वस्त्या पायी फिरायचास. म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले, यंत्राला उठायचे नाहीत. ओल्या फडक्याने तू ते चोळून द्यायचास, पुन्हा लावायचास, पुन्हा चोळायचास. त्या वेळात ते बोलायचे. ते बोलताना कसे दिसतात हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. म्हणून तुला कॅमेरा हवा होता, मोबाइलपेक्षा बरा, खराखुरा. दुसरं काही नको होतं.

मग दोन वर्षं तू तो निवडत राहिलास. मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, पण एवढं मन लावून कॅमेरा निवडणारा माणूस मी पाहिलेला नाही. रविवारी टपाल नसायचं. सकाळच्या गाडीने किन्हवली, शेणवा करत तू शहापूरला यायचास आणि दुपारपर्यंत माझ्या स्टुलावर ठाण मांडायचास. तुमच्याकडे नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर लागायचं. तिथे चढून तू कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायचास. गावात लोक म्हणायचे, जन्या रोज टाकी साफ करतो, पाणी काही साफ येत नाय.

तुझ्या प्रश्नांनी मला घाम फुटायचा. मला लग्नं ठाऊक. मांडवात हॅलोजन, हातात फ्लॅश, नवरा-नवरी उभे, काढ फोटो. तू विचारायचास, "चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचा फोटो फ्लॅशशिवाय निघंल का?"

"नाही निघणार. फ्लॅश मार."

"फ्लॅश मारला का ती डोळं मिटते. मग मेल्यावानीच दिसते. ते तर नंतर हायेच."

तुझं बजेट तीस हजार. दोन बकऱ्या आणि वर्षभराची शिल्लक. त्यावर एक रुपया जाणार नव्हता. तेवढ्यात काय बसतं हे तू मनिऑर्डरच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून काढलं होतंस. झूम नको, कारण जवळ जायला आपल्याला पाय आहेत. एकच लेन्स, पण तिचं तोंड मोठं हवं, कारण घरात उजेड नाही. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, जुनी चालेल, लेन्स नवी. मी म्हणत होतो नवा सेट घे, बरोबर झूम मिळतं, वॉरंटी मिळते. तू म्हणालास, "वॉरंटी ठाण्याला मिळते. माझे दोन दिवस जातील, दोन दिवसांचं टपाल कोण वाटंल? तू?" तू बरोबर होतास. प्रत्येक मुद्द्यावर बरोबर होतास. तेव्हा मला याचा थोडा रागच यायचा, हे आज कबूल करतो. शाळेत गणित मी तुला शिकवायचो, वसतिगृहात माझ्या वहीवरून तू उतरवून घ्यायचास. आणि आता तू स्टुलावर बसून माझ्याच धंद्यातलं मला सांगत होतास.

शेवटी तुझं ठरलं. कल्याणच्या एका दुकानात जुनी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली बॉडी होती, छोटीशी. तू दोनदा जाऊन बघून आलास. दुसऱ्या खेपेला बरोबर वर्तमानपत्र घेऊन गेलास. ते टेबलावर तिरकं ठेवायचं, मधल्या एका ओळीवर फोकस धरायचा, फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचं की तीच ओळ स्पष्ट आली की अलीकडची, पलीकडची. हे तू टाकीवर बसून शिकला होतास. दुकानदार वैतागला. तू मला सांगताना हसत होतास, "तो म्हणतो, काका फोटो काढायचाय का पेपर वाचायचाय?"

त्याच आठवड्यात मी तुला माझा कॅमेरा घ्यायला सांगितलं.

आता जे लिहितो ते नीट लिहितो. तो कॅमेरा माझ्या हातून पडला होता. मुरबाडला एका हळदीत ओल्या फरशीवर पाय घसरला आणि तो कोपऱ्यावर आपटला. लेन्स फुटली, ती मी बदलली. बॉडी वरून ठीक दिसत होती. पण तेव्हापासून तिचा फोकस अलीकडे पडायचा. डोळ्यावर धरला तर नाकाच्या शेंड्याच्याही पुढे बसायचा. लग्नात हे कळत नाही. भरपूर उजेड असतो, माणसं लांब असतात, सगळंच चालून जातं. अंधाऱ्या घरात, मोठ्या तोंडाच्या लेन्सने, हातभर अंतरावरून काढलेल्या चेहऱ्यात मात्र हे लपत नाही. तुला नेमका तोच फोटो काढायचा होता. हे मला माहीत होतं. मला नवा कॅमेरा घ्यायचा होता आणि हा कोणी स्टुडिओवाला घेणार नव्हता, कारण स्टुडिओवाल्याने तो तपासला असता.

"अनोळखी माणसाकडून कशाला घेतोस? फसवतील," मी म्हणालो. "माझा घे. घरचा आहे. उरलेल्या पैशात तुझी ती लेन्स येईल, नवी."

तुझा चेहरा उजळला होता. तू म्हणालास, "तू मना देशील?" जसं काही मी दान करत होतो. मग काउंटरवर कॅमेरा ठेवून तू सवयीने पिशवीतून वर्तमानपत्र काढलंस. घडी अर्धी उलगडली. आणि मी म्हणालो, "आता माझी पण परीक्षा घेणार का रे?"

तू ओशाळलास. पेपर परत घडी करून पिशवीत ठेवलास. "तसं नाय रे सुभ्या," म्हणालास. "सवय लागली."

एवढंच होतं. ती घडी तू पूर्ण उलगडली असतीस तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. चोरी करून सुटलेला चोरही एवढा निर्धास्त होत नसेल, जेवढा तू पेपर ठेवल्यावर मी झालो. आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही कबुली अर्धी राहील. मनात आलं, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे फोटो, ते कोण एवढं बारीक बघणार आहे?

वर आणखी एक शहाणपणा शिकवला. तू कॅमेरा हातात घेऊन मागच्या पडद्यावर बघत होतास. मी म्हणालो, "ए, पडद्यावर बघून मोबाइलवाले काढतात. फोटोग्राफर डोळा लावतो." तू लगेच डोळा लावलास. त्यानंतर तू कधीही पडद्यावर बघून फोटो काढला नाहीस. जनू, त्या कॅमेऱ्यात पडद्यावर बघून फोकस धरला असता तर तो बरोबर बसायचा. जरा हळू, पण अचूक. बिघाड फक्त डोळा लावून बघायच्या वाटेत, आतल्या आरशाच्या बाजूला होता.

पहिल्या महिन्यात तू मला हट्टाने पाड्यावर घेऊन गेलास. तुझ्याबरोबर चालताना धाप लागली होती मला. चांगुणाआजीचं घर टेकाडावर, शेवटचं. ती ओटीवर मांडीत कोंबडी घेऊन बसली होती.

"काय रे जन्या, फोटो काढाय आलास म्हंजे माझा नंबर लागला काय?"

"नाय गो आजी. तुझ्या आधी ह्या सुभाषचा हाय. बग, चढताना कसा मोडलाय."

"मग त्याचाच काढ आधी. मी बगते दुखतो काय."

तू माझा काढलास. तिने पडद्यात माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर गेलाच." मग कोंबडी सोडायला तयार होईना. म्हणे हिचा पण येऊ दे, उद्या पाहुणे येणार हायेत, ही ऱ्हायची नाय. तू उकिडवा बसलास. कॅमेरा डोळ्याला लावून नुसता बसून राहिलास. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती तुला विसरली, मला विसरली, कोंबडीलाच काहीतरी खडसावत बसली, आणि तेव्हा तू एकदाच बटण दाबलंस. मी पंचवीस वर्षांत कोणाची अशी वाट बघितली नव्हती. मी माणसांना सांगतो, मान वर, हनुवटी खाली, हसा. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण माणसांचे फोटो काढतच नव्हतो. त्या ओटीवर मला तुझा अभिमान वाटला होता, जनू, हे खरं आहे. आणि त्याच वेळी मला माहीत होतं की फोटो बिघडलेला आहे.

माझ्याच मशीनवर आपण त्याची मोठी प्रिंट काढली. कोंबडीचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं आलं होतं. आजीचा चेहरा धुरकट.

तू म्हणालास, "कोंबडी झकास आलीय."

मी हसलो.

तू पुन्हा बघितलंस आणि म्हणालास, "माझाच हात हलला वाटतं."

मी म्हणालो, "सवय होईल."

मग ते सुरू झालं. कोणाच्या हातातल्या गोठपाटल्या लख्ख, तोंड पुसट. कोणाची काठी लख्ख, कोणाच्या विडीचं टोक. तू श्वास रोखून काढायला लागलास. कॅमेऱ्याला सुतळी बांधून ती पायाखाली ताणून धरायला लागलास. भाताची छोटी पिशवी शिवलीस, तिच्यावर कॅमेरा टेकवायचास. कोणी सांगितलं तंबाखूने हात कापतो, तर पंचवीस वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडलीस. सुमनने मला फोन करून आभार मानले होते, "भावजी, तुमच्या कॅमेऱ्यानं त्यांची तंबाखू सुटली." मी ते आभार घेतले. वर म्हणालो, मग आता तंबाखूच्या वाचलेल्या पैशात त्याने तुला साडी नको का आणायला? ती हसली होती.

आणि मग चष्मा. मुरबाडला जाऊन डोळे तपासून घेतलेस. तपासणाऱ्याने सांगितलं नंबर अगदी किरकोळ आहे, नाही घातला तरी चालेल. तू म्हणालास नाही, घालणार. सोनेरी काडीचा चष्मा लावून रविवारी स्टुडिओत आलास, दारातच उभा राहिलास.

"कसा दिसतो?"

"पोस्टमास्तर."

"आता बग तू. आता एक फोटो हलणार नाय."

तुझ्या पाठीमागे रस्त्यावर बाजार भरला होता आणि तू उजेडात उभा होतास. तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: डोळा लावू नको, पडद्यावर बघून काढ. कॅमेरा पडला होता हेही सांगायची गरज नव्हती, काहीतरी थाप मारता आली असती. पण तू विचारलं असतंस, का? तू प्रत्येक गोष्टीत का विचारायचास. त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुला चष्मा घालू दिला.

लोक तुझ्या फोटोंना 'जन्याचे धुरातले फोटो' म्हणायला लागले होते. प्रेमाने म्हणायचे, पण म्हणायचे. तू ते मला हसत सांगायचास. मग हसणं कमी झालं. दिवाळीच्या आधी तू थैली काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालास, "विकून टाक. मना जमत नाय."

"धीर धर ना. शिकतोयस अजून."

"किती शिकू?" तू ओरडलास. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. "म्हातारी माणसं थांबत नायत रे मी शिकंपर्यंत! सहा जण गेले यंदा. सहाही घरांत माझाच फोटो लावलाय आन् एकाचे डोळे दिसत नायत. तुझ्या कोटवाल्या फोटोत निदान तोंड तर दिसायचं!"

मी म्हणालो, "मग माझ्यावर कशाला चिडतोस? मी काय केलं?"

ते शब्द माझ्या तोंडचे आहेत. मी काय केलं. तू थैली उचललीस, "तुझ्यावर नाय रे," म्हणालास आणि गेलास. त्यानंतर रविवारी आला नाहीस. मीही फोन केला नाही. मला वाटायचं, येईल. तू आला नाहीस, आणि मग ताप अंगावर काढलास, आणि मग फोन आला तो सुमनच्या भावाचा.

दहाव्याहून आल्यावर मी तुझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सुरुवातीचे सगळे तसेच होते. पण शेवटचे तीसेक फोटो उघडले आणि मी खुर्चीतून उठलो. जनू, डोळे. पापण्या, पापण्यांमधलं पाणी, मोतीबिंदूचा सायीसारखा पडदा, सगळं. एका म्हाताऱ्याच्या बुबुळात दार दिसतं आणि दारात उकिडवा बसलेला तू दिसतोस. असे फोटो मला जन्मात काढता आले नाहीत, चांगल्या कॅमेऱ्यानेही. मी नुसता बघत राहिलो. फोकस कुठे धरला होता ते कॉम्प्युटरवर चौकोनाने दिसतं. तो मी शोधला. प्रत्येक फोटोत तो कानावर होता. तू डोळ्यावर धरणं सोडून कानावर धरायला लागला होतास. कॅमेरा जेवढा अलीकडे ओढायचा, तेवढा तू पलीकडे धरत होतास.

म्हणजे तुला कळलं होतं? कॅमेरा बिघडलेला आहे, मी तुला फसवलं आहे, हे कळूनही तू गप्प राहिलास? की म्हणूनच येणं बंद केलंस? दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं होतं. तुला माहीत होतं तर सांगायचं काही उरलं नव्हतं.

इथपर्यंतचं काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी थैली घेऊन तुझ्या घरी गेलो. सुमन चुलीवर चहाचं आधण ठेवून बाहेर आली. मी विचारलं, "कानावर बघून फोटो काढायचा, असं काही बोलला होता का तो?"

"हां, दिवाळीनंतर जमलं त्यांना. लई खूश होते." ती म्हणाली, "म्हणायचे, माझी नजरच आखूड हाय. डोळ्यावर टाकली का अलीकडंच पडते. मग मी कानावर टाकतो, मंग बरोबर डोळ्यावर येते. तुमाला दाखवायला येणारच होते. म्हणत होते, सुभ्यावर उगाच चिडलो, पन्नासेक झाले का प्रिंटा काढाय जाईन आन् माफी मागीन."

तुला कळलं नव्हतं. तू वाट काढलीस आणि तरीही दोष स्वतःकडेच ठेवलास. आणि माफी तू मागणार होतास.

मी तिला सगळं सांगितलं. हळद, फरशी, वर्तमानपत्र, चष्मा. काही गाळलं नाही. ती उभीच होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्यांचे डोळे चांगले होते?"

"हो."

"आन् हात?"

"हातही."

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तिने आधण उतरवून खाली ठेवलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"मला सांगून काय उपयोग? मी कवा त्यांना नाव ठेवलं? ज्यांनी ठेवलं त्यांना सांगा. घरोघर जा. त्यांनी कोणाकोणाला फोटो दिले ते मी सांगते, लिवून घ्या." आणि ती सांगू लागली. एकतीस घरं झाली. मी लिहीत होतो, ती माझ्याकडे बघत नव्हती. निघताना थैलीला हात घातला तर म्हणाली, "तो ऱ्हाऊ द्या इथं. तो त्यांचा हाय."

जवळचं घर गणपतचं. तो ओटीवर सुंभ वळत बसला होता. आत भिंतीवर त्याच्या आईचा फोटो, तू काढलेला, हातातला विळा धारेसकट स्पष्ट आणि वर चेहऱ्याच्या जागी धूर. म्हातारी चैत्रात गेली. मी उभ्या उभ्याच बोललो. कॅमेरा माझा होता, माझ्या हातून पडला होता, मला माहीत असून मी तो जनूला विकला, त्याचा हात कधीच हलत नव्हता.

गणपतच्या हातातला सुंभ थांबला. त्याला आधी समजलं नाही. मग समजलं तसा त्याचा चेहरा खुलला. "आयला, म्हंजे जन्या बरोबर होता? आन् आमी त्याला काय काय बोललो! तो दिसला का आमची पोरं वरडायची, चूल इझवा रे, फोटोवाला आला!" तो हसत होता आणि मनगटाने डोळे पुसत होता. "बिचारा. सांगायचा, गणपत, माझाच हात हलतो." मग एकदम उठला. त्याला फार बरं वाटलं होतं, काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं. "मग दादा, तुमच्याकडं आता चांगला कॅमेरा असंल ना? तो घेऊन या की एकदा. आईचा परत काढू."

असं म्हणून आईला हाक मारायला तो दाराकडे वळला. चौकटीला हात लागला आणि तिथेच राहिला.

तो माझ्याकडे वळला नाही. मी अंगणात उभा राहिलो. थोड्या वेळाने तो तसाच पाठमोरा आत गेला.

जनू, अजून तीस घरं आहेत.